पॉमेरेनियनसाठी मऊ जाळीचा हार्नेस : वापरानंतरचा अभिप्राय

पॉमेरेनियन (थोडक्यात पॉम) या छोट्या कुत्र्याला फिरवताना गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, का बरा, याचे उत्तर या जातीच्या इतिहासात आहे. बाल्टिक किनाऱ्यावरच्या पॉमेरेनिया प्रांताचे नाव लाभलेला हा कुत्रा थंड मुलखातल्या स्पिट्झ (दाट केसांचे, उभ्या कानांचे कुत्रे) कुळातला, आणि त्याचे पूर्वज आजच्या पॉमपेक्षा बरेच थोराड होते. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये घेतलेला मार्को नावाचा पॉम सुमारे साडेपाच किलोंचा होता, आणि त्या काळी तोसुद्धा लहान वाटे. राणीच्या आवडीमुळे छोट्या पॉमची पैदास वाढत गेली. आज प्रौढ पॉमचे वजन साधारण १.४ ते ३.२ किलो असते. अंगलट आटली, पण दाट दुहेरी केस (वर लांब केस, आत मऊ लोकर) आणि मोठ्या कुत्र्यावरही बेधडक भुंकत धावून जाण्याची खोड कायम राहिली. अशा वेळी पट्ट्याचा हिसका थेट श्वासनलिकेवर बसतो. छोट्या जातींमध्ये तिच्या कूर्चेच्या कड्या ढिल्या पडण्याचा विकार बराच आढळतो आणि मग कुत्रा हंसासारखा कर्कश खोकतो.

हा हार्नेस त्या दृष्टीने विचारपूर्वक बनवलेला आहे. तो डोक्यातून घालावा लागत नाही. पुढचे दोन्ही पाय आत घेऊन पाठीवर बक्कल लावले की झाले. ओढ छातीवर विभागली जाते आणि गळा मोकळा राहतो. आमचा पॉम दोरी ताणतो तेव्हाही त्याला ठसका लागत नाही, आणि माझ्या लेखी हाच या वस्तूचा सर्वांत मोठा गुण.

दोष मात्र केसांच्या बाबतीत आहे. बक्कलखालच्या वेल्क्रोत आतली लोकर अडकते, आणि काखेत जाळी घासून बारीक गाठी होतात. त्या वेळीच विंचरल्या नाहीत तर कातराव्या लागतात. त्यामुळे घरी येताच हार्नेस काढून काखेतून कंगवा फिरवावा. माप घेताना टेप केसांवरून न धरता, केस बाजूला सारून अंगालगत धरावी, कारण फुगीर केसांमुळे एक माप मोठे घेतले जाते आणि सैल हार्नेसमधून पॉम मागे सरकत सहज निसटतो. उत्पादकाने वेल्क्रो काढून केवळ बक्कल ठेवले, तर मी हा हार्नेस प्रत्येक पॉमपालकाला निःशंकपणे सुचवेन. तूर्तास रोज विंचरण्याची तयारी असलेल्यांनीच तो घ्यावा.