दोन स्पंजांचा साधा फिल्टर: श्रिंपच्या छोट्या टँकसाठी घ्यावा का?

घ्यावाच. चेरी श्रिंपसाठी, म्हणजे गोड्या पाण्यातल्या इवल्या लाल कोळंबीसाठी, घरात छोटासा झाडांचा टँक लावायचा असेल, तर पहिले पैसे या फिल्टरवर घाला. झाडं, लाकूड, लाइट हे सगळं मागाहून जमवता येतं. मी तो क्रॉफर्ड मार्केटमधून अडीचशे रुपयांना घेतला. डब्यावर नाव घेण्यासारखा ब्रँड नव्हता. दोन काळे स्पंज, मधे उभी नळी, खाली काचेला चिकटवायचं रबर, एवढाच त्याचा संसार. दुकानदार आधी म्हणाला, "ताई, त्यापेक्षा हा मोटरवाला घ्या, पाणी चकाचक राहील." मी म्हटलं, "श्रिंपसाठी हवाय हो दादा." त्यावर त्याने मोटरवाला लगेच बाजूला ठेवला. "मग हाच न्या. पिल्लं ओढली जाणार नाहीत."

त्याचं बरोबर होतं. चेरी श्रिंपचं पिल्लू जन्मतः जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं, आणि पहिल्या दिवसापासून हुबेहूब आईसारखं दिसतं. मोटरच्या फिल्टरला पाणी आत घ्यायची जाळी असते आणि त्या जाळीच्या फटीतून ही पिल्लं सहज आत जातात. स्पंज फिल्टरमध्ये पाण्यात मोटरच नसते. बाहेर ठेवलेला एअर पंप बारीक नळीतून हवा आत ढकलतो, बुडबुडे उभ्या नळीतून वर चढताना सोबत पाणीही वर खेचतात आणि त्याच्या जागी टँकमधलं पाणी स्पंजातून झिरपत आत येतं. ओढ इतकी हलकी असते की पिल्लं स्पंजावर बसून निवांत चरतात.

या चरण्यासाठीच मला हा फिल्टर आवडतो. स्पंजावर जिवाणूंचा, शेवाळाचा एक बुळबुळीत थर धरतो आणि श्रिंपचं खरं अन्न तेच. जवळ जाऊन पाहिलंत तर पुढच्या चार पायांच्या टोकांना इवलेसे चिमटे दिसतील. एक चिमटा तोंडाशी गेला की दुसरा स्पंजावर, असं न थांबता चालू असतं. अंडी धरलेली मादी असेल तर पोटाखालचे पाय हलवून ती अंड्यांना सतत वारा घालत असते. अंड्यांचा घोस पिवळसर किंवा हिरवट असतो. वीस-तीस अंडी आणि पाण्याच्या उष्णतेनुसार साधारण महिनाभर ती तशीच वागवते.

माझा टँक दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तर ४० लिटर होईल. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा सोडली तर तीसच्या आसपास पाणी राहतं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, हीटर नाही, पाकिटातली महागडी माती नाही. तळाला धुतलेली बारीक वाळू, लाकडावर दोऱ्याने बांधलेलं जावा मॉस, दगडाला बांधलेले अनुबियास आणि जावा फर्न. या दोघांचा आडवा खोडासारखा भाग वाळूत पुरायचा नाही, पुरला की कुजतो. लाइट टायमरवर सात तास. ही झाडं सावकाश वाढतात, कमी उजेडात भागवतात, आणि मॉसच्या जाळीत पिल्लांना लपायला जागा मिळते.

पाणी भरून फिल्टर चालू केला की दुसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ दिसतं आणि श्रिंप आणायला हात शिवशिवतात. तरी थांबा. कुजणाऱ्या कणांपासून अमोनिया तयार होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन्ही श्रिंपसाठी विष. हे जिवाणू स्पंजात घर करायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात, आणि तेही चिमूटभर माशांचं खाणं रोज टाकून त्यांना पोसलं तर. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मग श्रिंप आणा. ओळखीच्या कुणाचा जुना टँक चालू असेल तर या फिल्टरचा एक स्पंज आधीच त्यांच्या टँकमध्ये पोहायला टाकून ठेवा, वाट पाहणं बरंच कमी होतं. दोन स्पंज असण्याचा हाही एक फायदा.

दुसरा फायदा धुताना. स्पंज भरला की बुडबुडे मंदावतात. तेव्हा टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत एकच स्पंज दाबून धुवायचा, दुसरा पुढच्या खेपेला. नळाखाली कधीच नाही. नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात. पावसाळ्यात मुंबईच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा पाणी बदलतानाही अँटीक्लोरीनचे थेंब विसरू नका.

मुंबईच्या पाण्याबद्दल आणखी एक. आपल्याकडचं पाणी तानसा, वैतरणा, भातसाचं, म्हणजे मऊ. माझ्या नळाला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, ऐंशीच्या आतच दाखवतो. चेरी श्रिंपला दीडशे ते अडीचशे मानवतो, कारण कात टाकून नवं कवच घट्ट करायला तिला पाण्यातून कॅल्शियम लागतं. मी समुद्रफेनाचा, म्हणजे कटलफिशच्या हाडाचा, तुकडा टाकते. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पाण्यात सावकाश विरघळतो. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांना उलट अडचण येईल, त्यांनी आरओचं पाणी मिसळून आकडा खाली आणावा. टाकलेली कात पांढरी, पारदर्शक दिसते आणि अगदी मेलेल्या श्रिंपसारखी वाटते. ती काढू नका. श्रिंप ती खाऊन टाकतात, त्यातलं कॅल्शियम परत त्यांच्याच अंगी लागतं.

आता उणिवा, कारण आहेत. काचेला चिकटवायचं रबर काही महिन्यांत कडक होतं आणि सुटतं; मी फिल्टर दगडाने दाबून ठेवते. नवा स्पंज तरंगतो, पाण्याखाली धरून दोन-चारदा पिळल्याशिवाय बसत नाही. एक फुटी टँकला नळी लांब पडते, ती कापावी लागते. अगदी बारीक गाळ हा पकडत नाही, त्यामुळे पाणी मोटरच्या फिल्टरइतकं लख्ख होत नाही. आणि दिसायला तो काळा ठोकळाच. मॉस पुढे वाढवून झाकावा लागतो.

बुडबुड्यांच्या आवाजाची तक्रार मात्र मिटवता येते. उभ्या नळीच्या आत, हवा येते त्या टोकाला एक छोटा एअरस्टोन, म्हणजे बारीक छिद्रांचा दगड, बसवा. मोठ्या बुडबुड्यांची गुडगुड जाऊन बारीक फेस येतो, पाणीही जास्त उचललं जातं. खर्च वीस-तीस रुपये. पंप जाड फोमच्या तुकड्यावर ठेवला की त्याची घरघर कमी होते.

पंपाबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही आणि ती जिवावरची आहे. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. म्हणजे खोलीत डास मारायचं लिक्विड चालू असेल, कुणी झुरळांचा स्प्रे मारला असेल, तर तेही थेट पाण्यात जातं. या औषधांतली पायरेथ्रॉइड रसायनं माणसाला फारशी जाणवतही नाहीत, पण कवचधारी जिवांना अत्यल्प प्रमाणातही मारतात. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात धुराची फवारणी होते. गाडीचा आवाज आला की मी खिडक्या लावते, पंप बंद करते आणि टँकवर प्लास्टिक ओढते. तास-दोन तास फिल्टर बंद राहिला तर काही बिघडत नाही. टँकच्या खोलीत कॉइल, लिक्विड, स्प्रे वर्ज्यच धरा. तशीच काळजी तांब्याची: माशांच्या कित्येक औषधांत तांबं असतं आणि ते श्रिंपला चालत नाही, म्हणून टँकमध्ये औषध टाकण्याआधी बाटलीवरचं वाचा. दुकानातून आणलेली नवी झाडंही आठवडाभर वेगळ्या बादलीत, पाणी बदलत ठेवा. त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं.

विजेची काळजी नको. माझा पंप तीन वॉटचा आहे, दिवसरात्र चालवूनही महिन्याला दोन युनिटच्या जरा वर जातो. मे महिन्याची काळजी मात्र करा. श्रिंपला २८ अंशांपर्यंत ठीक, मुंबईत पाणी त्याच्या वर सहज जातं. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. कमी झालेलं पाणी रोज थोडं थोडं भरत राहायचं.

खाण्यावर खर्च करायची गरजच नाही. रस्त्याकडेच्या देशी बदामाची गळालेली तपकिरी पानं धुऊन, उकळतं पाणी ओतून टाकायची. त्यांच्यावर थर धरतो आणि श्रिंप हळूहळू शिरांची जाळी उरेपर्यंत खातात. कधी उकडलेला पालक किंवा दोडक्याची चकती, उरलेलं संध्याकाळी काढून टाकायचं.

फिल्टर घेताना स्पंज हाताने दाबून पाहा. मऊ आणि बारीक छिद्रांचा घ्या, खरखरीत मोठ्या छिद्रांचा नको. सोबत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मागून घ्या, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंप खराब होतो. बहुतेक डब्यांत तो नसतो, सुटा दहा-वीस रुपयांना मिळतो.