एल्फांचा राजा, साडेसात सेंटिमीटरचा

गणपतीचा सीझन संपला की मी महिनाभर ब्रशाला हात लावत नाही. यंदा लावला, तो फिंगॉल्फिनसाठी. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनच्या दंतकथांतला, एल्फ नावाच्या अमर लोकांच्या नोल्डोर कुळाचा हा राजा. रेझिनचं किट, ७५ मिलिमीटर, नऊ तुकडे, रंग न दिलेलं, कुरिअरसकट १,८५० रुपये. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारी आहेत.

पहिली तक्रार तलवारीची. रिंगिल म्हणजे बर्फासारखी लखलखणारी तलवार. माझ्या हातात पडली ती केळ्यासारखी वाकलेली. बाकी सगळ्याला बबल रॅप आणि नेमकी तीच डब्यात मोकळी टाकलेली. फोटो पाठवला, चार दिवसांनी उत्तर आलं, ‘गरम पाण्यात धरा.’ धरली, सरळ केली, लगेच गार पाण्यात बुडवली. झाली सरळ, खोटं कशाला बोलू. पण चार दिवस?

थ्रीडी प्रिंट मात्र एक नंबर. चिलखताची कडी न कडी सुटी दिसते. थरांच्या रेघा फक्त झग्याच्या मागं होत्या, त्या ४०० नंबरच्या पाणी पेपरनं गेल्या. सपोर्टचे, म्हणजे प्रिंट करताना दिलेल्या टेकूंचे डाग काखेत आहेत, म्हणजे दिसत नाहीत. हे ज्यानं केलं त्याला मानलं.

ढालीवर सिंहाचं तोंड आहे. का, ते त्यालाच ठाऊक. कथेत ढाल निळी आहे आणि तिच्यावर स्फटिक जडवलेत. मी सिंह घासून काढला, निळा मारला आणि गणपतीच्या मुकुटाला लावतो त्यातले सगळ्यात बारीक खडे चिकटवले. आमच्या कुंभार गल्लीत खड्यांना काय तोटा!

खरी अडचण डोळ्यांची. आम्ही बाप्पाचे डोळे आखतो ते शांत, समोरच्याला धीर देणारे. हा राजा अंगबंदच्या, म्हणजे शत्रूच्या किल्ल्याच्या दाराकडं निघाला तेव्हा संतापानं त्याचे डोळे असे पेटले होते, की वाटेतले सगळे कोणी देवच आला समजून पळाले. किटमधले डोळे मात्र अर्धे मिटलेले, दुपारी जेवून बसल्यासारखे. तिळाएवढ्या जागेत झिरो नंबरच्या ब्रशनं वरची पापणी चढवली. तीनदा पुसलं, चौथ्यांदा जमलं.

जोडून खिडकीत ठेवला तर आण्णा आले. चाळीस वर्षं मूर्ती करतात, एल्फ कशाशी खातात माहीत नाही.

“ह्यो कोण रं?”

“राजा हाय. मॉर्गॉथ म्हणून एक राक्षसासारखा होता, त्याच्या दारात एकटाच गेला कुस्तीला.”

“एकटाच? मग पाय असं जुळवून का हुबा हाय? फोटो काढाय आलाय काय?”

विषय संपला. मी पंधरा दिवस चिलखत बघत बसलो होतो. आण्णांनी वजन कुठल्या पायावर आहे ते बघितलं. ते कुठल्याच पायावर नव्हतं.

मग सगळी लढत सांगावी लागली. सात वार केले आणि सातही वेळा मॉर्गॉथ ओरडला. त्याच्या ढालीखाली हा तीनदा गुडघ्यावर आला, तीनदा उठला.

“गुडघं टेकलं म्हंजे काय हारला न्हाई. पाठ लागली का?”

खासबागेत कुस्त्या बघून वाढलेला माणूस, दुसरं काय विचारणार. लागली, म्हटलं. मॉर्गॉथच्या हातोड्यानं जमिनीत खड्डे पडले होते, त्यात अडखळून उताणा पडला. मॉर्गॉथनं मानेवर पाय ठेवला, तर ह्यानं पडल्या पडल्या त्याच पायावर तलवार हाणली. मॉर्गॉथ कायमचा लंगडा झाला. ही लढत एल्फ गात नाहीत, दुःख फार म्हणून. आणि ऑर्क, म्हणजे मॉर्गॉथचे सैनिक, तेही तिची फुशारकी मारत नाहीत.

आण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “उताणा करायचा की मग. त्यो हुबा कशाला केला?”

तरीही घ्या. चिलखतासाठी, हातांसाठी घ्या, १,८५० मध्ये एवढं बारीक काम मिळत नाही. तलवार वेगळी गुंडाळायला आधीच सांगा. बेस टाकून द्या, मी शाडूचा केला, खड्ड्यांसकट.

त्याच विक्रेत्याकडं आता मॉर्गॉथ येणार आहे म्हणे. पायाला जखम दाखवलीय का, म्हणून विचारलंय. आज सहावा दिवस.