अपघात विमा घ्यायला ब्रोकरकडे गेले, त्याचा अनुभव (सोलापूर, नवी पेठ)

ऑफिसचं नाव टाकत नाहीये, जाहिरात वाटायला नको म्हणून. पण अनुभव सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे शिलाई, माग, कटिंग असल्या हातावरच्या कामाची माणसं भरपूर आहेत आणि या विषयावर मराठीत नीट सांगणारं कुणी भेटत नाही.

माझं युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे, चार मशिनी, कटिंग मी स्वतः करते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात माझा भाऊ होटगी रोडला गाडीवरनं घसरला, उजव्या मनगटात प्लेट टाकावी लागली. तो मागावर कामाला, कारखान्यात माणसं कमी म्हणून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) पण नाही. साडेतीन महिने घरी बसून होता. हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेममधनं निघालं हो, पण किराणा, पोराची फी, घरभाडं हे कुणी द्यायचं? तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, उद्या माझा हात गेला तर काय.

आधी ओळखीतल्या एका एजंटकडनं पॉलिसी घेतली होती. अपंगत्वाचं पण कव्हर आहे ताई असं सांगितलेलं. ब्रोकरने कागद बघितल्यावर कळलं की त्यात अपघाती मृत्यूचंच कव्हर आहे, अपंगत्व कुठेच नाही, आणि फॉर्मवर माझा व्यवसाय गृहिणी असा लिहिलाय! मी दिवसभर कटिंग मशिनवर उभी असते आणि कागदावर गृहिणी. क्लेमच्या वेळी नेमकं हेच अंगलट आलं असतं. मला त्या दिवशी खरंच रडू आलं.

ब्रोकर आणि एजंट यातला फरक पण मला तिथंच कळला. एजंट कंपनीच्या बाजूचा असतो, ब्रोकरकडे इर्डाचं (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) लायसन्स असतं आणि तो गिऱ्हाइकाच्या बाजूने बऱ्याच कंपन्यांचे प्लॅन दाखवू शकतो. कमिशन त्यालाही कंपनीकडनंच मिळतं आणि हे त्यांनी मी न विचारता सांगितलं, ते मला आवडलं.

पहिला अर्धा तास त्यांनी प्लॅनचं नावच काढलं नाही. मी काय काम करते, कुठली मशीन चालवते, महिन्याला हातात किती पडतात, आयटीआर (इन्कम टॅक्सचं रिटर्न) भरता का, हेच विचारत बसले. मग म्हणाले, "ताई, बँकेतनं वर्षाला २० रुपये कटतात ती प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना चालू ठेवा, पण त्याच्यावर अवलंबून राहू नका." त्यात दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले तर २ लाख, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. पण नुसता अंगठा गेला तर? काहीच नाही. आणि कटिंगवाल्याची भीती तर अंगठ्याचीच असते. वैयक्तिक अपघात पॉलिसीत मात्र तक्ता असतो, अंगठा, बोटं, एक डोळा, कशाला किती टक्के ते लिहिलेलं असतं, तो तक्ता त्यांनी माझ्यासमोर ठेवून एकेक ओळ वाचली.

दुसरा मुद्दा आठवड्याच्या पैशाचा. प्लॅस्टर असेपर्यंत दर आठवड्याला जी रक्कम मिळते तिला तात्पुरत्या अपंगत्वाचं कव्हर म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी ते वेगळं मागून घ्यावं लागतं. सरल सुरक्षा बीमा म्हणून एक ठरावीक पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आलीय, अडीच लाखापासून १ कोटीपर्यंत, सगळ्या कंपन्यांचे नियम सारखेच. त्यात हे कव्हर जोडलं तर विमा रकमेच्या ०.२ टक्के दर आठवड्याला, जास्तीत जास्त १०० आठवडे. म्हणजे १० लाखाच्या पॉलिसीत आठवड्याला फक्त २ हजार, माझं घर त्यात चालत नाही. २५ लाख केले तर ५ हजार. दुसऱ्या काही प्लॅनमध्ये १ टक्का असतो पण वर मर्यादा असते, ती बघायची.

आणि शब्द बघायचे! एका पॉलिसीत "कोणतंही काम करता येत नसेल तर" असं होतं, दुसरीत "नेहमीचं काम करता येत नसेल तर". हात प्लॅस्टरमध्ये असताना मी गल्ल्यावर बसून हिशोब करू शकते की, मग पहिल्या पॉलिसीवाले म्हणू शकतात तुम्ही काम करताय. हा फरक मला जन्मात कळला नसता. मी दुसरीच घेतली, २५ लाखाची, व्यवसाय खरा लिहून, हप्ता थोडा वाढला तरी वर्षाला चार हजाराच्या आत बसला.

लकवा, पाठीचं दुखणं असल्या आजाराने काम बंद झालं तर यात एक रुपया नाही, हे पण त्यांनी स्पष्ट सांगितलं. लकव्यासारख्या गंभीर आजारासाठी क्रिटिकल इलनेस (ठरावीक गंभीर आजारांची पॉलिसी) वेगळी घ्यावी लागते, ती मी दिवाळीनंतर बघणार आहे.

आता नावडलेलं. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अपंगत्वाचा विमा विकणाऱ्या जागेत कुबड्या घेऊन माणूस चढू शकत नसेल तर ते चुकीचं आहे, मी तोंडावर सांगून आले, खाली बसायची सोय करतो म्हणाले, बघू. फोन दुपारी उचलत नाहीत. पॉलिसीचा कागद यायला दहा दिवस लागले आणि तो अख्खा इंग्रजीत, पण परत बोलावून मराठीत वाचून दाखवला आणि ३० दिवसांत पटलं नाही तर परत करता येते हेही सांगितलं. माझ्यासोबत पूर्व भागातल्या आमच्या काकू आल्या होत्या, त्यांना सगळं तेलुगूत समजावलं.

जाताना आयटीआर, आधार, बँकेचं पासबुक आणि जुन्या सगळ्या पॉलिसी घेऊन जा. माझा आयटीआर एकाच वर्षाचा होता म्हणून दोन चकरा पडल्या. भावाला पुढच्या सोमवारी घेऊन जातेय, मनगट अजून पूर्ण वळत नाही त्याचं, ते फॉर्मवर लिहायला सांगितलंय.