शेजारी देशांचे नियंत्रण कक्ष जोडताना: तीन मार्गांचा आढावा

दोन देशांच्या हवाई वाहतूक नियंत्रण यंत्रणा एकमेकींशी जुळवून घ्यायच्या असतील, तर युरोपात अवलंबिले गेलेले तीन मार्ग निर्णयकर्त्यापुढे आहेत.

पहिला मार्ग सामाईक केंद्राचा. युरोकंट्रोल या युरोपीय देशांच्या संयुक्त हवाई वाहतूक संस्थेचे नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील केंद्र १९७२ साली सुरू झाले. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनीवरील २४,५०० फुटांपुढची वाहतूक आज ते एकत्र हाताळते. तांत्रिकदृष्ट्या याहून सरस उपाय नाही, पण तो करारावर अडतो. मध्य युरोपातील आठ देशांनी १९९७ साली अशाच केंद्राचा करार केला, ते केंद्र कधी उघडलेच नाही.

दुसरा मार्ग एकच संगणक यंत्रणा मिळून खरेदी करण्याचा. स्वीडन, डेन्मार्क, आयर्लंड, ऑस्ट्रिया, क्रोएशिया आणि पोर्तुगाल यांनी 'कूपान्स' या नावाने तो स्वीकारला आहे. खर्च वाटला जातो. मात्र प्रत्येक सुधारणेसाठी सर्वांची संमती लागते.

तिसऱ्या मार्गात यंत्रणा आपापल्या राहतात, फक्त संदेशांचा साचा ठरतो. सीमा ओलांडण्याच्या काही मिनिटे आधी विमानाचे कॉलसाइन (रेडिओवरील ओळखनाव), ट्रान्सपाँडर कोड (रडारवर विमान ओळखण्याचा क्रमांक), उंची आणि सीमाबिंदूवरील अपेक्षित वेळ पलीकडच्या संगणकाकडे जाते. तिकडून पोच आली नाही, तर नियंत्रकाला इशारा मिळतो आणि तो फोन उचलतो. युरोपातील 'ओल्डी' आणि आशियातील 'एआयडीसी' याच पद्धतीच्या. कराची, मस्कत, माले, मोगादिशू असे शेजार असलेल्या मुंबईसारख्या हवाई क्षेत्राला व्यवहारात हाच मार्ग उरतो, असे माझे मत आहे.

मात्र तो फोनही जोडणीचाच भाग धरावा. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगेनवर दोन विमाने धडकून ७१ जण मृत्युमुखी पडले. तेथील आकाशाचे नियंत्रण स्वित्झर्लंडमधील झुरिक केंद्राकडे होते, झुरिकच्या मुख्य फोन यंत्रणेची दुरुस्ती चालू होती आणि पर्यायी लाइन सदोष होती. शेजारच्या जर्मन केंद्रातील, कार्ल्सरूहच्या नियंत्रकाला पडद्यावर धोका दिसला, तो वारंवार फोन लावत राहिला, पण लागला नाही. पुढे २००६ साली जर्मनीतील कोन्स्टान्झच्या न्यायालयाने, हे आकाश वैध कराराविना स्विस संस्थेकडे सोपवले गेले होते, म्हणून जर्मनीलाच जबाबदार धरले. त्यामुळे तिसरा मार्ग निवडणाऱ्याने निविदा काढण्यापूर्वी दायित्वाचा लेखी करार करावा आणि पर्यायी लाइनची नियमित चाचणी त्या करारातच बंधनकारक करावी.