मोटर भरायची असंल तर उद्यमनगरातल्या ह्या मामांकडं टाका

आमच्या विहिरीवरची ३ एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्रच असलेली) गेल्या महिन्यात रात्रीच्या लाईटला जळाली, ऊस पाण्याला आलेला, त्यात ही मोटर तीनच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी भरून, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून, आणलेली, म्हणजे डोकंच फिरलं. मग पाव्हण्यांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ह्या मिस्त्रींचं नाव सांगितलं. बारकं दुकान, गल्लीच्या आत, बाहेर गाडी लावायला जागा नाही, ते आधीच सांगतो.

मामांनी मोटर खोलली आणि आठवीतल्या आमच्या पोराला जवळ बोलावून दाखवलं, दोन फेजच्या (विजेच्या तीन तारांतल्या दोनच्या) कॉईली काळ्याकुट्ट आणि तिसरी तशीच पिवळीधमक. म्हणाले, "बाळ, ही डीपीवरची एक फ्यूज गेल्याची खूण." एक फेज गेला तरी चालती मोटर थांबत नाही, गुरगुरत राहते, आणि उरलेल्या दोन फेजवर करंट पावणेदोन पटीच्या आसपास चढतो. आधीच्या माणसानं हे सांगितलंच नव्हतं, नुसती भरून दिली, मग परत जळणारच की.

काम बघण्यासारखं आहे. जुने वेढे मोजून वहीत लिहिले, तारेचा गेज मायक्रोमीटरनं बघितला, स्लॉटला (कॉईली बसतात त्या खाचांना) नवीन पेपर घातला, वार्निश नीट वाळल्याशिवाय मोटर जोडत नाहीत. त्यापायी तीन दिवस लागले. मी घाई केली तर म्हणाले, ओलं वार्निश घेऊन जायचं असंल तर न्या, पण माझं नाव सांगू नका.

खरी गंमत तिसऱ्या दिवशी. रोटर (आतला फिरणारा भाग) न घालताच मामांनी स्टेटरला (कॉईलीवाल्या बाहेरच्या भागाला) व्हेरिअॅकवरून, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायच्या यंत्रावरून, कमी व्होल्टेजची थ्री फेज दिली आणि आत बेरिंगची एक गोळी सोडली. गोळी आतल्या भिंतीला धरून गरागरा फिरायला लागली, कशाचा हात नाही की काय नाही! कॉईली उलट्या जोडल्या असत्या तर ती अशी फिरली नसती, ही त्यांची टेस्ट.

पोरानं भिंतीवरच्या फोटोबद्दल विचारलं, मिशावाला गोरा माणूस. तो निकोला टेस्ला. गोळीला फिरवणारं हे फिरतं चुंबकीय क्षेत्र त्याला १८८२ मध्ये बुडापेस्टच्या बागेत फिरताना सुचलं, त्याआधी कॉलेजात मास्तरांनी ब्रशशिवाय (फिरत्या भागाला घासून करंट देणाऱ्या तुकड्यांशिवाय) मोटर होणारच नाही म्हणून सांगितलेलं. १८८४ ला अमेरिकेत जाऊन एडिसनकडं नोकरी केली, वर्षाच्या आत सोडली, नंतर न्यूयॉर्कमध्ये चर खणायची मजुरी करायची वेळ आली, आणि १ मे १८८८ ला मोटरची पेटंट मिळाली, ती वेस्टिंगहाऊस ह्या अमेरिकन उद्योगपतीनं घेतली. १८९३ ला शिकागोच्या प्रदर्शनात तांब्याचं अंडं असंच फिरवून उभं केलेलं, आमच्या गोळीसारखंच. मामा हे पण सांगतात की टेस्लाची पहिली मोटर दोन फेजची, आपल्याकडं असते तसली तीन फेजची पिंजरा रोटरवाली दोब्रोवोल्स्की ह्या रशियन इंजिनिअरनं १८८९ मध्ये केली. १९४३ मध्ये हॉटेलच्या खोलीत एकटाच गेला टेस्ला, हे सांगताना मामांचा आवाज बारीक झाला आणि मलाही वाईट वाटलं, कारण आमचा अख्खा ऊस त्याच्या डोक्यातनं निघालेल्या गोष्टीवर भिजतोय.

पैसे बेरिंगसकट ४,२०० घेतले, अस्सल तांबं, आणि जुनी जळकी तार वजन करून परत दिली, न मागता. जाताना स्टार्टर पण घेऊन जा, ते बघतात. माझ्या स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नव्हता, तो बसवून घेतला, आणि परवा रात्री एक फेज गेला तेव्हा मोटर आपोआप बंद पडली. सोमवारी दुकान बंद असतं.