चामडी बॅग: दोन सुयांची शिलाई की मशीनची?

लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून रोज स्वारगेट ते हिंजवडी करणाऱ्याला ठाऊक असतं, बॅग उसवते ती पट्ट्याच्या मुळाशी. म्हणून चामडी बॅग शिवायला शिकायचं तर आधी हातशिलाई, असं माझं ठाम मत आहे.

मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा चामड्याच्या मध्यात एकमेकांत अडकतात. एक तुटला की शेजारचे टाके सैल पडत जातात. हातशिलाईत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर जातात. एक बाजू झिजली तरी दुसरी धरून ठेवते. दोरा शिवणीच्या साधारण चौपट घ्यायचा आणि त्याला मेण लावायचं. आरी, म्हणजे भोक पाडायचं टोकदार हत्यार, तिरकी गेली की पुढून ओळ सुरेख दिसते, मागून वाकडी. माझ्या पहिल्या पट्ट्यावर ती नागमोडी आली, तेव्हा पट्टाच नव्याने कापला. त्यानंतर हात स्थिर झाला.

मशीन वेगवान खरं, पण घरातलं साधं मशीन दोन जाड थरांवर अडतं. चामड्याचं वेगळं घ्यावं लागतं. अस्तर आणि चेन मात्र मी मशीनवरच घालतो. रविवार पेठेतून कड्या आणल्यात, या आठवड्यात पट्टा हातानेच शिवायचा आहे.