देशाच्या सामग्रीवापराचा पर्यावरणीय हिशेब: वजन मोजावे, ठसा मोजावा की परिणाम?

एखादी अर्थव्यवस्था वर्षभरात किती सामग्री वापरते आणि त्याचा पर्यावरणावर किती भार पडतो, हे मोजायचे ठरवणाऱ्यापुढे आज प्रामुख्याने तीन पद्धती आहेत. त्या एकमेकींना पर्याय आहेत असे वरवर वाटते. प्रत्यक्षात प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो न पाहता निवड केली, तर आकडा बरोबर असूनही धोरण चुकते.

सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे देशांतर्गत सामग्री वापर: देशात खणलेली किंवा कापणी केलेली सामग्री, अधिक आयात, वजा निर्यात. जैवसामग्री, जीवाश्म इंधने, धातूंची खनिजे आणि अधातू खनिजे अशा चार गटांत सारे टनांमध्ये मोजले जाते. युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय असलेल्या युरोस्टॅटने २००१ मध्ये यासाठी मार्गदर्शिका काढली आणि २०११ च्या नियमानुसार युरोपीय संघाच्या सदस्य देशांना ही आकडेवारी देणे बंधनकारक झाले. खाण, शेती आणि सीमाशुल्क यांच्या नोंदींवरच हिशेब उभा असल्यामुळे तो दरवर्षी करता येतो आणि कोणालाही पडताळता येतो. हे बळ मी फार मोठे मानतो.

तिची उणीवही तितकीच मोठी आहे. इथे एक टन खडी आणि एक टन पारा यांचे मोल सारखेच. जगातील एकूण उत्खननात वाळू, खडी, चुनखडी यांसारख्या अधातू खनिजांचा वाटा जवळपास निम्मा आहे. त्यामुळे रस्ते आणि इमारती बांधून झाल्या की देशाचा आकडा झपाट्याने उतरतो, मग विषारी धातूंचा वापर तसाच राहिला असला तरी.

दुसरी अडचण सीमेवर दिसते. समजा, खनिजात तांबे ०.५ टक्के आहे. एक टन तांब्यासाठी, प्रक्रियेतील गळती सोडली तरी, २०० टन खनिज काढावे लागते. शुद्ध तांबे निर्यात झाले की खाणीच्या देशाच्या खात्यात १९९ टन वापर उरतो आणि ते घेणाऱ्या देशाच्या खात्यात फक्त एक टन जमा होतो. दळलेल्या दगडाचा गाळ, त्याचा बांध आणि दूषित पाणी हे सगळे जिथे खाण आहे तिथेच राहते, म्हणून स्थानिक भार पाहणाऱ्याला १९९ हा आकडा उपयोगाचा आहे. तांबे कोणाच्या गरजेसाठी काढले, हे मात्र त्यातून कळत नाही.

ते मटेरियल फूटप्रिंट, म्हणजे सामग्रीचा ठसा, सांगतो. कोणते उद्योगक्षेत्र कोणाकडून किती माल घेते हे दाखवणाऱ्या, अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्तिएफ यांनी विकसित केलेल्या आदान-प्रदान तक्त्यांच्या आधारे, अनेक देशांचे व्यवहार एकत्र जोडून, ते सगळे २०० टन अंतिम उपभोक्त्या देशाच्या नावावर टाकले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत १२.२.१ हा निर्देशक फूटप्रिंटचा आहे, तर १२.२.२ देशांतर्गत वापराचा. दोन्ही शेजारी ठेवले आहेत, ते योग्यच आहे. मात्र तक्त्यांत अनेक धातू एकाच क्षेत्रात कोंबलेले असले की उत्तर सरासरीकडे झुकते आणि वेगवेगळ्या माहितीसंचांतून एकाच देशाचे वेगवेगळे आकडे निघतात. शिवाय मोजमाप अजूनही वजनाचेच असते.

परिणामांपर्यंत पोहोचते ती तिसरी पद्धत, पर्यावरणीय भारांकित सामग्री वापर, जी लायडन विद्यापीठातील संशोधकांनी २००५ च्या सुमारास पुढे आणली. प्रत्येक सामग्रीचा वापर तिच्या प्रतिकिलो जीवनचक्र परिणामांनी, म्हणजे खाणीपासून कचऱ्यापर्यंतच्या परिणामांच्या गुणकांनी, गुणला जातो: तापमानवाढ, विषारीपणा, जमिनीचा वापर इत्यादी. वाळू लगेच खाली घसरते आणि पशुजन्य उत्पादने वर येतात. काँक्रीट मात्र वरच राहते, कारण सिमेंटसाठी चुनखडी भाजताना इंधनाचा धूर वेगळा आणि दगडातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा, शिवाय वापर प्रचंड.

इथे काळजी काही ठिकाणी घ्यावी लागते. पोलादाच्या गुणकात कोळशाचे परिणाम आधीच आलेले असतात. कोळसा पुन्हा स्वतंत्र मोजला, तर तोच धूर दोनदा धरला जातो. दुसरे असे की विषारीपणा आणि तापमानवाढ एकाच आकड्यात मिसळताना कशाला किती महत्त्व द्यायचे हे कोणी तरी ठरवतो आणि धातूंच्या विषारीपणाचे गुणक अजून अतिशय अनिश्चित आहेत. परदेशी कारखान्यांचे जुने गुणक वापरत राहिल्यास स्वतःच्या देशातली तंत्रसुधारणा हिशेबात कधीच उतरत नाही.

हाताशी माणसे आणि निधी कमी असेल, तर माझा कौल देशांतर्गत वापराला आहे, परंतु चारही गट वेगळे दाखवूनच. आयात मोठी असेल तर फूटप्रिंट जोडल्याशिवाय प्रगतीचा दावा करू नये, कारण खाणी आणि भट्ट्या परदेशी गेल्यानेही पहिला आकडा सुधारतो. आधी कोणत्या सामग्रीला हात घालायचा, एवढेच ठरवायचे असेल तर तिसरी पद्धत घ्यावी. तापमानवाढ, विषारीपणा आणि जमीन यांचे क्रम वेगवेगळे छापावेत आणि तिन्हींत जी सामग्री वरच्या जागी आढळेल तिच्यापासून कामाला लागावे.